लॅकावानातली येमेनी वस्ती आणि माझा कॅमेरा: सल्ला हवा आहे

धोटा:

नमस्कार. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आज लिहितेच.

मी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहते, हे सातवं वर्ष. मूळची इचलकरंजीची. आठवडाभर एका प्रयोगशाळेत नोकरी करते आणि शनिवार-रविवार फोटो काढते. इथून अर्ध्या तासावर, ईरी सरोवराच्या काठाला लॅकावाना नावाचं गाव आहे. वस्ती वीस हजारांच्या आतबाहेर. एके काळी तिथल्या एकट्या बेथलेहेम स्टीलच्या कारखान्यात त्याहून जास्त माणसं कामाला होती. गावातला रिज रोड पुलावरून रुळांच्या पलीकडे उतरतो, तिथे फर्स्ट वॉर्ड लागतो. कारखान्याच्या अगदी दाराशी वसलेला हा भाग. पोलिश, क्रोएशियन, दक्षिणेतून वर आलेले कृष्णवर्णीय, पोर्तो रिकोचे लोक आणि येमेनी असे सगळे इथे येऊन राहिले. आता भट्ट्या नाहीत. त्या जागी पाण्याच्या कडेने पवनचक्क्या फिरतात. वस्तीत येमेनी लोक मात्र आहेत, आणि पूर्वीपेक्षा जास्त दिसतात. विल्क्सबार अ‍ॅव्हेन्यूवर मशीद आहे. दुकानांच्या पाट्या अरबी आणि इंग्रजीत. शुक्रवारी दुपारी गल्लीत गाडी लावायला जागा मिळत नाही.

मी इचलकरंजीची असल्यामुळे असेल, पण पाळीवर चालणाऱ्या गावाची ठेवण मला लगेच ओळखू येते. घरं एकमेकांना खेटून, पुढच्या पायरीवर बसायची सवय, आणि साठी ओलांडलेल्या पुरुषांना ऐकू कमी येतं म्हणून सगळेच मोठ्याने बोलतात. माझे बाबा सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावण्याच्या कारखान्यात होते, आमच्या घरीही असंच मोठ्याने बोलायचे. म्हणून या गावात मला पहिल्या दिवसापासून परकं वाटलं नाही. मला वाटलं नाही, याचा अर्थ त्यांनाही वाटलं नाही असा मी धरून चालले, तिथेच चुकलं.

सप्टेंबरपासून अकरा वेळा गेले. चौदाशेच्या आसपास फोटो झाले. डिसेंबरात बसून निवडायला घेतले तेव्हा लक्षात आलं की सगळ्या फोटोंत पाठी आहेत. पाठी, दारं, पाट्या, बर्फातल्या पावलांच्या खुणा. माझ्याकडे बघणारं एकही माणूस नाही.

त्यातला एक फोटो मी माझ्या पानावर टाकला होता. हिजाब घातलेली नऊ-दहा वर्षांची मुलगी, पाठीवर गुलाबी दप्तर, बर्फाचा ढीग चढते आहे आणि मागे पवनचक्कीचं पातं. फार लोकांना आवडला. चौथ्या दिवशी तिच्या मावशीचा निरोप आला. रागावलेली नव्हती, त्यामुळे जास्त लागलं. तिने लिहिलं होतं की ही आमच्या घरची मुलगी आहे, तू दार वाजवलं असतंस तर आम्ही दोघींनी मिळून ठरवलं असतं. मी फोटो काढून टाकला, माफी मागितली. तेव्हापासून कॅमेरा बॅगेतून निघालेला नाही.

वस्तीत जाणं थांबवलं नाही. एका किराणा दुकानात एक आजोबा बसतात, सगळे त्यांना हाजी म्हणतात. कोक ओव्हनवर, म्हणजे पोलादासाठी कोळसा भाजणाऱ्या भट्ट्यांवर, वीस वर्षं काम केलेलं. मला वेलची घातलेला दुधाचा चहा देतात, आपल्याकडच्या चहाच्या अगदी जवळचा. त्यांनी एकदा विचारलं, "हे फोटो कोणासाठी?" मी म्हटलं, प्रदर्शनासाठी. ते म्हणाले, "प्रदर्शनाला कोण येतं?" मला उत्तर देता आलं नाही.

मग त्यांनीच २००२ चं सांगितलं. त्या सप्टेंबरात इथल्या सहा येमेनी-अमेरिकन तरुणांना अटक झाली होती. ते २००१ मध्ये अफगाणिस्तानातल्या अल कायदाच्या छावणीत जाऊन आले होते, पुढे सहाही जणांनी गुन्हा कबूल केला. देशभरात या गावाचं नाव त्या सहा जणांवरून पडलं. हाजी म्हणाले की तेव्हा गल्लीत टीव्हीच्या गाड्या उभ्या असायच्या, शाळेत जाणाऱ्या पोरांचे, मशिदीत शिरणाऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो निघायचे, आणि ते आपल्या बातमीत कुठल्या ओळीशेजारी छापले जातील हे कोणालाच ठाऊक नसायचं. हे ऐकल्यावर माझ्या चौदाशे पाठी मला निराळ्या दिसायला लागल्या.

तर विचारायचं हे आहे. मी हे काम करावं का? मी ना येमेनी, ना मुसलमान, ना त्या वस्तीतली. करायचं तर सुरुवात कुठून करू? बायकांचं काय, त्यांना वगळलं तर अर्धी वस्ती जाते. आणि रंगीत की कृष्णधवल, हा प्रश्न मला पूर्वी फार महत्त्वाचा वाटायचा, आता तितका वाटत नाही, तरी कोणी सांगितलं तर ऐकेन.

खिडकीतून:

कायद्याच्या बाजूने बघितलं तर अमेरिकेत सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला कोणाची परवानगी लागत नाही. तुम्ही काही बेकायदा केलेलं नाही, मनाला लावून घेऊ नका. माझा अनुभव असा की विचारलं की माणूस ताठ होतो आणि चेहरा बदलतो. ८५ किंवा १३५ ची, लांबचं जवळ आणणारी लेन्स लावा, रस्त्याच्या पलीकडून काढा. खरे भाव तेव्हाच मिळतात. मी पुण्यात मंडईत वर्षानुवर्षं असंच काढत आलो.

जुना बफेलोकर:

धोटा, मी वयाने बराच मोठा आहे, तू म्हणतो, चालेल ना?

'खिडकीतून' यांच्याशी मी सहमत नाही. कायद्याचं त्यांनी सांगितलं ते बरोबर. पण रस्त्यापलीकडून मिळतात त्या पाठी तिच्याकडे आधीच चौदाशे आहेत.

मी १९७८ साली बफेलोत आलो, एका छोट्या कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून. आमची निम्मी कामं स्टीलवाल्यांची असायची. १९८२ च्या नाताळानंतर लगेच बेथलेहेमने जाहीर केलं की लॅकावानातलं पोलाद बनवणं बंद, सात हजारांहून जास्त लोकांची नोकरी जाणार. पुढच्या वर्षी भट्ट्या थंड झाल्या. कोक ओव्हन तेवढे २००१ पर्यंत धुमसत राहिले, तुझे हाजी त्यातलेच असतील. रात्री साउथ बफेलोकडून बघितलं की आभाळाला तांबूस रंग असायचा, तो गेला. मी त्यावेळी तिशीत होतो आणि मलाही घरी बसावं लागलं होतं, म्हणून ते आभाळ विसरत नाही.

आता मुद्द्याचं. तू ज्या गल्लीत अडली आहेस त्या गल्लीत एक माणूस आधी गेलेला आहे. मिल्टन रोगोविन. बफेलोत राहतेस आणि अजून त्यांचं काम पाहिलं नसशील तर हा निरोप वाचून झाल्यावर पहिलं ते कर.

रोगोविन हे चष्म्याचे डॉक्टर. जन्म १९०९, न्यूयॉर्क शहरातला, आईवडील लिथुआनियातून आलेले ज्यू. १९३८ मध्ये बफेलोत आले, कामगारांच्या चळवळीत होते. १९५७ मध्ये त्यांना अमेरिकन काँग्रेसच्या, कम्युनिस्ट हुडकणाऱ्या त्या कुप्रसिद्ध चौकशी समितीपुढे उभं केलं, त्यांनी उत्तरं द्यायला नकार दिला. इथल्या वर्तमानपत्राने त्यांना बफेलोचा पहिल्या नंबरचा कम्युनिस्ट ठरवलं. दवाखान्यातले पेशंट निम्मे झाले. तोंड बंद केलं म्हणून त्यांनी कॅमेरा उचलला. १९५८ पासून बफेलोच्या पूर्व भागात, दुकानांच्या गाळ्यांत भरणाऱ्या कृष्णवर्णीय चर्चमध्ये फोटो काढायला लागले. एक संगीताचे प्राध्यापक तिथलं गाणं ध्वनिमुद्रित करत होते, त्यांच्याबरोबर गेले होते. ध्वनिमुद्रण संपलं, रोगोविन जातच राहिले. ती मालिका १९६२ मध्ये छापून आली तेव्हा प्रस्तावना डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या थोर कृष्णवर्णीय विचारवंतांनी लिहिली होती.

लोअर वेस्ट साइड ही गरीब वस्ती त्यांच्या दवाखान्याच्या जवळच होती. तिथे १९७२ मध्ये सुरुवात केली. बारा वर्षांनी त्याच माणसांना शोधून पुन्हा फोटो काढले. १९९० च्या दशकात तिसऱ्यांदा. २००० नंतर, वयाची नव्वदी ओलांडल्यावर, चौथ्यांदा. चार फोटो शेजारी ठेवले की एक मुलगी आई होते, आजी होते. काहींच्या बाबतीत चौथ्या जागी माणूसच नाही. दरम्यान कारखान्यांत जाऊन कामगारांचे फोटो काढले, एकदा भट्टीपाशी आणि एकदा त्याच माणसाचा त्याच्या घरात. भट्टीपाशी चेहरा काजळीने माखलेला, घरात तोच माणूस इस्त्रीचा शर्ट घालून बायकोच्या शेजारी बसलेला. पुढे मायकेल फ्रिश या इतिहासकाराने त्यातल्या कामगारांच्या मुलाखती घेतल्या आणि १९९३ मध्ये फोटो आणि बोलणं एकत्र छापलं. आणि लॅकावानाच्या येमेनी लोकांचीही त्यांची एक मालिका आहे. तुझ्या फर्स्ट वॉर्डातलीच माणसं.

मी ते प्रिंट पहिल्यांदा पाहिले तेव्हा एका गोष्टीवर नजर खिळली. सगळे समोर बघतात. कोणी पकडला गेलेला नाही. रोगोविन माणसाला कुठे उभा राहा, हात कसा ठेव, असं सांगत नसत. फार तर कॅमेऱ्याकडे बघ एवढंच. उभं कसं राहायचं, शेजारी कोणाला घ्यायचं, भिंतीवरची कुठली तसबीर मागे येऊ द्यायची, हे त्या माणसाने ठरवायचं. 'खिडकीतून' म्हणतात विचारलं की माणूस ताठ होतो. होतो ना. ताठ उभं राहणं हाही त्याचा खराच भाव आहे. ज्याला आयुष्यभर फोरमनने आवाज दिला की वाकावं लागलं, त्याला एक दिवस ताठ उभं राहून फोटो काढून घ्यावासा वाटला तर तो खोटा कसा?

त्यांचा कॅमेरा रॉलीफ्लेक्स. दोन भिंगांचा, पोटाशी धरून वरून काचेत बघायचा. फोटो काढणाऱ्याला मान खाली घालावी लागते. समोरच्याला तुझा चेहरा दिसतो, कॅमेऱ्यामागे लपलेलं तोंड दिसत नाही. एका रोलमध्ये बाराच फोटो. तू चौदाशे काढलेस म्हणून रागावत नाही, पण एक महिना बाराच काढून बघ.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. रोगोविन घरच्या डार्करूममध्ये प्रिंट करायचे आणि पुढच्या खेपेला ते प्रिंट माणसाच्या हातात नेऊन द्यायचे. फुकट. लोअर वेस्ट साइडमध्येही सुरुवातीला त्यांच्याकडे संशयाने बघितलं गेलं होतं. प्रिंट घेऊन परत आलेल्या माणसावर लोक हळूहळू विश्वास टाकतात. पत्नी अ‍ॅन बरोबर असायच्या, लोकांशी बोलायच्या. हाजींनी विचारलं ना फोटो कोणासाठी, तर पहिला प्रिंट हाजींसाठी. एवढं उत्तर दिलंस तरी पुरे. प्रदर्शनाचं मागाहून बघता येईल.

रोगोविन २०११ मध्ये गेले, वयाच्या १०१ व्या वर्षी. त्यांचा संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे, पण खूपसं काम इथे बफेलोतही बघायला मिळतं.

रंगाचं विचारलंस. मला विचारशील तर फर्स्ट वॉर्ड आता रंगीत आहे. काजळी होती तेव्हा गाव खरोखरच करडं होतं. आज कृष्णधवल केलंस तर तू आजचं गाव न काढता रोगोविन यांचं गाव काढायला जाशील.

आगवाला:

मी इंग्लंडच्या ईशान्येला, टाइन नदीच्या मुखाजवळ राहतो. मूळ रत्नागिरी तालुका. आमचे आजोबा बोटीवर होते, कोकणी मुसलमानांच्या घरात ते नवं नाही. डेकवर आमचे लोक, खाली इंजिनाशी दुसरे. 'आगवाला' हा बोटीवरचाच शब्द, भट्टीत कोळसा घालणारा. नाव घेतलं खरं, पण आजोबा आगवाले नव्हते. ते म्हणायचे खालचं काम माणसाला आतून वाळवतं.

सांगायचं ते हे की येमेनी लोक औद्योगिक गावांत आले त्या वाटेचा एक भाग आपल्या मुंबईतून जातो. ब्रिटिशांनी एडन १८३९ मध्ये घेतलं आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षं तिथला कारभार मुंबई इलाख्याकडे होता. तिथे चलनही रुपयाचं. वासुदेव बळवंत फडके यांना एडनलाच नेलं, १८८३ मध्ये तिथेच गेले, हे शाळेत सगळ्यांनी वाचलं. त्याच बंदरात आगबोटी कोळसा घ्यायला थांबायच्या आणि खाली भट्टीशी राबायला डोंगरातून उतरलेली येमेनी माणसं भरती व्हायची. त्यातले काही इथे टाइनच्या मुखावरच्या साउथ शील्ड्स या बंदराला उतरले आणि राहिले. १९०९ पासून तिथे त्यांच्यासाठी खानावळीवजा बोर्डिंग होतं. १९३० मध्ये मिल डॅम या गोदीजवळच्या जागी कामाच्या पाळीपत्रकावरून दंगल झाली, काहींना देशाबाहेर काढलं. मशीद १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची. १९७७ मध्ये मुहम्मद अली आले आणि त्याच मशिदीत त्यांच्या लग्नाला दुवा मिळाली. आजही वस्तीत त्या दिवसाचं कोणी सांगायला लागलं की चहा गार होतो.

२००८ मध्ये इथे गेट्सहेडच्या बाल्टिक कलादालनात एक प्रदर्शन झालं. टीना घरावी या दिग्दर्शिकेने पहिल्या पिढीतल्या उरलेल्या चौदा येमेनी खलाशांना बोलतं केलं होतं आणि त्यांचे चेहरे युसूफ नबील या इजिप्शियन कलाकाराने काढले होते. नबील कृष्णधवल प्रिंट हाताने रंगवतात, जुन्या कैरोच्या सिनेमाच्या पोस्टरसारखे. काही जण म्हणतात की हे काही डॉक्युमेंटरी नव्हे, नटवलेलं आहे. मी बरेच दिवस त्यावर विचार केला. या म्हाताऱ्यांचं आयुष्य बोटीच्या पोटात गेलं, जिथे तोंडाचा रंगही कळायचा नाही. गावाने त्यांची आठवण ठेवली ती दंगलीपुरती. त्यांचा फोटो कोणी बसून, एकेक गाल रंगवून, सिनेमातल्या माणसासारखा केला. माझ्या आजोबांचा असा एक फोटो रत्नागिरीच्या घरात आहे, एका स्टुडिओत रंगवून घेतलेला, कोटाचा रंग कधी नव्हता असा निळा. तो फोटो आम्हाला खोटा वाटत नाही. धोटाताई, म्हणून जुना बफेलोकर साहेबांचा मान राखून म्हणतो की एकच पद्धत धरू नका. हाजींना विचारा त्यांना कसा फोटो आवडतो. कदाचित त्यांना फुलांच्या पडद्यापुढे हवा असेल.

दुपारचा वर्ग:

मी मिशिगनला डिअरबॉर्नमध्ये असते. साउथ एंड म्हणजे फोर्डच्या रूज कारखान्याला चिकटलेला भाग, तिथेही येमेनी वस्ती मोठी. मी दोन वर्षं तिथल्या बायकांना इंग्रजी शिकवायला दुपारी जाते. फोटोतलं मला कळत नाही, बायकांबद्दल तेवढं सांगते.

बायकांना फोटो नको असतात असं नाही. त्यांच्या फोनमध्ये माझ्यापेक्षा जास्त फोटो आहेत. प्रश्न असतो तो फोटो कोणापर्यंत जाणार याचा. वर्गात आम्ही दार लावलं की हिजाब उतरतात, लग्नाचे अल्बम निघतात, मेंदीचे हात एकमेकींना दाखवतात. मी एकदा नकळत मोबाइल वर केला तर माझ्याच वयाच्या एकीने हसत माझा हात खाली केला आणि म्हणाली, हे डोळ्यांनी बघायचं. बाहेर निघाल्यावर त्याच बाईने स्वतःहून मला सांगितलं की माझ्या हातांचा काढ, मी भाकरी भिंतीला लावते तेव्हाचा. तंदूरसारख्या भट्टीत ती आत वाकून भाकरी थापते, हातावर चटक्यांचे जुने डाग आहेत. तो फोटो तिच्या फ्रिजवर आहे.

तू बाई आहेस, तुला आत बोलावतील. बोलावल्यावर जे काढशील त्यातलं काही फक्त त्यांचंच राहील, कधीच बाहेर दाखवायचं नाही, हे आधी स्वतःशी पक्कं कर. त्या मावशीने निरोप पाठवला ना, मी तुझ्या जागी असते तर तिच्यापासूनच सुरुवात केली असती.

अजून एक. काही घरांत नवरा इथे, बायको-मुलं येमेनमध्ये, असं आहे. २०१७ च्या जानेवारीतल्या प्रवासबंदीत येमेनचं नाव होतं, २०२५ मध्ये पुन्हा आलं. तिकडे २०१४ पासून युद्ध. माझ्या वर्गातल्या एकीची मोठी मुलगी अजून तिकडे आहे. तिने इकडे काढलेल्या प्रत्येक फोटोत शेजारी थोडी जागा सोडलेली असते. मी विचारलं नाही, तिनेच सांगितलं, ही तिच्यासाठी.

खिडकीतून:

वरचं सगळं वाचलं. मंडईतल्या एका भाजीवाल्या मावशींचा मी काढलेला फोटो एका स्पर्धेत निवडला गेला होता. त्यांना मी तो अजून दाखवलेला नाही. आठ वर्षं झाली. उद्या प्रिंट करायला टाकतो.

धोटा:

दोन महिने झाले. उशिरा लिहितेय, पण सगळ्यांचं पुन्हा पुन्हा वाचलं. काय झालं ते सांगते.

आधी मावशीकडे गेले, फोनवर विचारून. गुलाबी दप्तराच्या फोटोचा प्रिंट नेला, आठ बाय दहाचा, आणि फाइल त्यांच्या फोनवर पाठवून माझ्याकडची पुसली. मुलीने प्रिंट बघितला आणि पहिलं म्हणाली, "माझे मोजे वेगवेगळ्या रंगाचे आहेत." मला ते कधी दिसलंच नव्हतं. मग तिनेच सांगितलं की आता माझा नीट काढ. आतल्या खोलीत गेली, ईदचा फ्रॉक घालून आली, फुटबॉल काखेत धरून सोफ्यापुढे उभी राहिली. भुवया आवळून सरळ कॅमेऱ्यात बघितलं. आई आणि मावशी दोघी मागे होत्या, त्यांना फ्रेममध्ये यायचं नव्हतं, त्या माझ्या पाठीशी उभ्या राहून तिला हसवत होत्या, ती हसली नाही. एकच फोटो काढला. तो त्यांच्याकडे आहे. मी दाखवणार नाही, पण माझ्या कामातला तो पहिला फोटो असं मी धरते.

जुना बफेलोकर, रोगोविन पाहिले. तीन तास बसून होते. तुम्ही समोर बघण्याचं लिहिलंत ते खरं, पण मी अडकले खोल्यांवर. सोफ्यावरचं विणकाम, टीव्हीवर ठेवलेली मुलांची चित्रं, भिंतीवरच्या तसबिरी. कामगाराच्या घरातलं एवढं सामान कोणी इतक्या आदराने फोटोत येऊ दिलेलं मी पाहिलं नव्हतं. आमच्या इचलकरंजीच्या घरात कपाटाच्या काचेवर बाबांच्या कामगार संघटनेचं कॅलेंडर असायचं, पाहुणे आले की आई ते काढून ठेवायची. मला ते सारखं आठवत राहिलं.

हाजींना प्रिंटबद्दल विचारलं. आगवाला, तुमचा अंदाज अर्धा बरोबर निघाला, पडदा नको होता पण दुकानही नको होतं. त्यांना कारखान्याच्या बाजूला फोटो हवा होता. थंडीत त्यांना घेऊन रूट ५ या रस्त्यावर, कारखान्याच्या जुन्या जागेपाशी गेलो. आता तिथे कुंपण आणि पवनचक्क्या. त्यांनी बोटाने हवेत दाखवलं, इथे गेट, इथे घड्याळ, इथे आम्ही डबा खायचो. काळा लांब कोट, डोक्याला शाल गुंडाळलेली, हात पाठीमागे. माझ्याकडे दोन मिनिटं बघितलं आणि मग म्हणाले, हं, आता. मी रंगीतच काढला. पाच फोटो झाले, बारासुद्धा नाहीत.

पुढच्या रविवारी प्रिंट नेला. त्यांनी तो दुकानात लावला नाही, घरी नेला आणि मलाही घरी बोलावलं. जिन्याच्या भिंतीवर एक जुना फोटो आहे. कारखान्यात येऊन पहिलं वर्ष, टोपी घातलेले, शेजारी त्यांचे मोठे भाऊ. भाऊ नंतर येमेनमधल्या इब्बला परत गेले आणि तिथेच वारले. हाजी म्हणाले, याची प्रत कर, भावाच्या मुलांना तिकडे पाठवायची आहे, त्यांच्याकडे वडिलांचा तरुणपणचा एकही फोटो नाही. मी लगेच हो म्हटलं.

आता अडचण ही. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला आहे. भावाच्या चेहऱ्याच्या अर्ध्या भागावर ओलीचा चट्टा आहे आणि तिथेच पक्का बसलाय. हाजी म्हणतात, सुरीने सोडव. माझी हिंमत होत नाही. कोणाला माहीत असेल तर सांगा, पुढच्या शनिवारी जाणार आहे.

हायपो:

सुरी लावू देऊ नका! ओला कपडा, वाफ, काहीच नको. जुन्या प्रिंटवरचा जिलेटिनचा थर ओल लागल्यावर काचेला धरतो. ओढलंत तर चेहरा काचेवर राहील आणि कागद हातात येईल.

काचेसकट कॉपी करा. मागचा पुठ्ठा आणि खिळे हळूच काढून फ्रेम बाजूला करा, काच आणि फोटो एकत्रच ठेवा. काच बाहेरून कोरड्या मऊ कपड्याने पुसा. टेबलावर सपाट ठेवा, कॅमेरा बरोबर वर, तिवईवर, काचेला समांतर. दोन दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, सारख्या अंतरावर. खोलीतले बाकीचे दिवे बंद. काचेत कॅमेऱ्याचंच प्रतिबिंब येतं, म्हणून काळ्या कापडाला लेन्सएवढं भोक पाडून ते कॅमेऱ्यापुढे धरा. पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, असेल तर लावा. मॅक्रो लेन्स नसली तर ५० ची चालेल, एफ ८, आयएसओ कमीत कमी. चिकटलेला भाग गडद दिसेल, त्यासाठी एक्स्पोजर बदलून चार-पाच वेळा काढा, नंतर जुळवता येतं.

त्यांना फोटो घराबाहेर द्यावासा वाटत नसेल तर दिवे तुम्हीच घेऊन जा. आणि मूळ फोटो काचेसकटच पुन्हा फ्रेममध्ये बसवा, मागे कोरडा जाड कागद घाला. जिन्यातली भिंत गार असते, ओल तिथूनच आली असणार. दुसऱ्या भिंतीवर लावायला सांगा.